शेवंताची पाठराखीण

माझ्या आईच्या अकरा डुकरिणी मारायचा हुकूम माझ्याच यंत्राने दिला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मी पुण्यात बेसिनपाशी दात घासत उभी असताना फोनवर लाल चौकोन उमटला. त्याखाली वाडग्याचा, म्हणजे आईच्या डुकरांच्या कुंपणाचा, क्रमांक होता. तो मला पाठ होता, कारण तिथली पेटी मीच दोन वर्षांपूर्वी माझ्या हातांनी बसवली होती. तोंडातला फेस तसाच ठेवून मी तो तीनदा वाचला. मग माझ्या तोंडून जी शिवी गेली, ती निनादने, माझ्या नवऱ्याने, बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ऐकली. वस्तीवरची शिवी होती. आपण ती विसरलो असं मलाही वाटत होतं.

यंत्राचं नाव दोरपेटी. डुकरापुढे सुती दोर टांगला की त्याला राहवत नाही, ते चघळायला लागतं. आमच्या वस्तीवर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी एवढंच केलं की दोराचं वरचं टोक एका पेटीत नेलं. पेटी दोरातली लाळ पिळून घेते, तिच्यात डुकरतापाच्या खुणा शोधते आणि निकाल थेट जिल्ह्याच्या कचेरीला कळवते. दिवा हिरवा असला तर जनावरं खुशाल. लाल झाला तर अठ्ठेचाळीस तासांत त्या वाडग्यातलं प्रत्येक डुक्कर मारून चुन्यात पुरायचं. आज, २०३८ साली, देशात जिथे जिथे डुकरं पाळतात तिथे बहुतेक ठिकाणी माझी पेटी टांगलेली आहे. तिच्यासाठी मला पदक मिळालं. पेपरात ‘डुक्करवाल्यांची लेक झाली शास्त्रज्ञ’ असा मथळा आला, जणू डुकरं असूनही मी शास्त्रज्ञ झाले. अहो, डुकरांमुळेच झाले.

पेटी नेमकं काय शोधते हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून घडलं. डुकरताप माणसाला होत नाही, पण डुकरांत शिरला तर शंभरांतली अठ्ठ्याण्णव मारतो. विषाणू लाळेत चार-पाच दिवसच सापडतो. मात्र त्याच्याशी झुंजताना शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून मी पेटीला प्रतिपिंडं ओळखायला शिकवलं. प्रतिपिंड सापडलं म्हणजे ताप आला होता किंवा आतमध्ये आहे, असा तिचा सरळ हिशेब. ताप आलेलं डुक्कर वाचतच नाही असं ज्या जगात सगळे धरून चालतात, त्या जगासाठी माझी पेटी अगदी बरोबर होती.

मी आईला फोन लावला. अकराही डुकरिणी उठून बसल्या होत्या, खात होत्या, एकमेकींना ढुशा देत होत्या. आठ दिवसांपूर्वी तीन मैलांवरच्या मोठ्या फार्मवर ताप आला होता आणि तिथली नऊशे डुकरं पुरली होती. आमच्याकडे मात्र कुणाचं नाकसुद्धा गरम नव्हतं. आई म्हणाली, दिवा लाल झालाय तर झालाय, बल्ब बदलून दे.

मी पुण्यात ज्या पशुसंशोधन संस्थेत काम करते, तिचे संचालक डॉ. केळुसकर यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की रक्तात विषाणू नसला तरी तो हाडाच्या मगजात लपून बसलेला असू शकतो, असं डुक्कर महिनाभराने दुसऱ्यांना ताप देऊ शकतं, आणि पेटी बनवणाऱ्या बाईच्याच आईला सूट दिली तर उद्या कोणता पशुपालक आपलं जनावर मारू देईल? यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त झोंबलं.

निनादने दुसरी वाट काढली. पेटीचा प्रोग्रॅम त्याने लिहिलेला. एक ओळ बदलली की अर्ध्या तासात दिवा हिरवा होईल, कुणाला कळणार नाही, असं तो कुजबुजत म्हणाला. त्याने माझ्यासाठी नोकरी पणाला लावायची तयारी दाखवली, हे मला दिसत होतं आणि त्याचं मला भरून आलं. तरी मी नाही म्हटलं. मी खोटा हिरवा दिवा लावला तर उद्या खऱ्या हिरव्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. मला आईच्या डुकरिणी लपवायच्या नव्हत्या. त्या खऱ्या आहेत आणि पेटी चुकली आहे, हे मला भर चौकात सिद्ध करायचं होतं.

आमची वस्ती तालुक्याच्या गावाबाहेर, जुन्या दगडखाणीच्या कडेला आहे. तिच्या टोकाला आईचं वाडगं. मी पोचले तेव्हा माझी चुलतबहीण भामा कुंपणापाशी बसली होती. ती उठली नाही, पाणीही विचारलं नाही. तिच्या दारातलं वाडगं तीन वर्षं रिकामं आहे आणि ते का रिकामं आहे हे तिला आणि मला दोघींनाही ठाऊक आहे.

ते सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. आमच्यात मुलीच्या लग्नात तिच्याबरोबर एक डुकरीण देतात. तिला पाठराखीण म्हणतात. तिच्या उजव्या कानाला मुलीच्या नावाची खूण कापलेली असते, आणि तिची पुढची सगळी मादी पिलं त्याच खुणेने वाढतात. ती मुलीची. नवऱ्यालाही ती विकता येत नाही. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, तशी पाठराखीणही पहिल्या वेताला माहेरी आणायची. तिथे तिच्या आया, मावश्या यांना त्याच सुमाराला नर दाखवलेला असतो, म्हणजे सगळ्या एकाच आठवड्यात वितात. आणि जन्मलेलं पिल्लू स्वतःच्या आईला लावायच्या आधी सगळ्यांत थोरल्या मावशीला लावायचं. का, असं विचारलं तर बायका म्हणतात, तशी रीत आहे.

सहा वर्षांपूर्वी मी या रीतीवर एक कागद लिहिला. एका पानाचा, सोप्या मराठीत, चित्रांसकट. गाभण डुकरीण घराबाहेर हलवू नका. प्रत्येकीला वेगळं बांधा. एकीची पिलं दुसरीला लावू नका. जनावरं एकत्र येतात तिथे रोग पसरतो, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं ज्ञान. संस्थेचा शिक्का होता, पण वस्तीने शिक्क्याचं ऐकलं नाही, माझं ऐकलं. आपली शेवंता सांगतेय म्हणून घरोघरी तो कागद भिंतीला डकवला गेला. तीन वर्षांत जुनी डुकरं संपली, नवी पिढी माझ्या कागदाप्रमाणे वाढली. मग ताप आला आणि पंधरा दिवसांत वस्ती साफ झाली. फक्त आईची डुकरं वाचली. तिचं वाडगं टोकाला आहे म्हणून वाचली, असं मी अहवालात ठोकून दिलं.

आता तिच्यासमोर उभी राहून मी विचारलं, तू माझ्या कागदाप्रमाणे वेगळ्या बांधल्या होत्यास ना? फोनवर तर हो म्हणाली होतीस.

“न्हाई बांधल्या,” आई म्हणाली. “तुला बरं वाटावं म्हणून व्हय म्हणलं.”

भामाने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “मी बांधल्या,” ती म्हणाली. “तू म्हणलीस म्हणून.”

मी कुंपणाच्या आत जाऊन डुकरिणींची नाकं चाचपू लागले.

त्या क्षणी डोक्यात एक दिवा लागला. डुकराची वार फार जाड असते. आईच्या आणि पिलाच्या रक्तामध्ये पेशींचे सहा पडदे असतात आणि त्यांतून एकही प्रतिपिंड पलीकडे जात नाही. माणसाचं मूल आईकडून थोडी शिदोरी घेऊन जन्मतं. डुकराचं पिल्लू जन्मतं ते पूर्ण निःशस्त्र. त्याला जे मिळायचं ते पहिल्या चिकातून, तेही पहिल्या चोवीस तासांत. त्यानंतर आतड्याचं दार बंद होतं. चिकात नुसती प्रतिपिंडं नसतात, जिवंत पेशीही असतात, आणि त्यांतल्या काहींना आधी झालेल्या लढाईची आठवण असते. अशी पेशी फक्त सख्ख्या आईकडूनच पिलाच्या रक्तात शिरते, परक्या डुकरिणीची शिरत नाही, असं पुस्तकं सांगतात. मावशीचं काय, हे कुणी तपासलंच नव्हतं. फार्मवर मावश्या नसतातच. तिथे प्रत्येक डुकरीण तिच्या लोखंडी चौकटीत एकटी विते.

आणि आईच्या वाडग्यातली थोरली मावशी म्हणजे पहिल्या तापातून वाचलेल्या डुकरिणीची लेक. आठ वर्षांपूर्वी वस्तीवर पहिल्यांदा ताप आला तेव्हा, शंभरांतल्या दोन वाचतात तशी, एकच वाचली होती. तिची आठवण चिकातून मावशीकडे, मावशीकडून भाच्यांकडे गेली असेल तर सगळं जुळत होतं. शेजारच्या फार्मवरचा विषाणू इथे आला असणार, पेशींनी त्याला ओळखलं असणार, प्रतिपिंडांचा लोंढा सोडला असणार, आणि माझ्या पेटीने तो लोंढा पाहून बोंब ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याचे पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. इंगवले माणसं, चुना आणि जेसीबी घेऊन आले. मी त्यांना नियमावलीचं चौदावं कलम दाखवलं. तेही मीच लिहिलेलं, कधी कुणी वापरणार नाही या खात्रीने. मालकाने हरकत घेतली तर एकवीस दिवस थांबावं लागतं. त्या काळात निरोगी, ताप न पाहिलेली पिलं त्या वाडग्यात सोडायची. ती आजारी पडली, तर लपलेला विषाणू आहे हे सिद्ध. नाही पडली, तर जनावरं सुटली. मात्र मालकाने स्वतः त्या कुंपणाच्या आत राहायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि हरला तर पुन्हा जन्मभर डुकराला हात लावायचा नाही, ना पाळायला, ना तपासायला.

इंगवले भले गृहस्थ. त्यांनी आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, आजींना चिखलात तीन आठवडे कसं ठेवू? मालक त्याच आहेत ना?

“ही माझी न्हाईत,” आई म्हणाली. “कान बघा.”

त्यांनी पाहिले. अकराही जणींच्या उजव्या कानाला खाली दोन काप. त्यांच्या टॅबवरच्या गणनेत खुणेपुढे मालकाचं नाव होतं. गणना दहा वर्षांपूर्वी झालेली, आणि नाव आईने सांगितलेलं. शेवंता.

बारा वर्षांपूर्वी माझ्या लग्नात आईने पाठराखीण आणली होती, अंघोळ घालून, कपाळाला कुंकू लावून. हॉल पुण्यातला, निनादची माणसं शिकलेली. ही आत आली तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं मी आईला दारातच सांगितलं. ती तशीच वळली. डुकरिणीला घेऊन टेम्पोत बसली आणि माझ्या अक्षता तिने टेम्पोतूनच टाकल्या. पहिल्या तापातून वाचलेली डुकरीण तीच होती. पुढची बारा वर्षं तिची प्रत्येक लेक-नात आईने माझ्या खुणेने वाढवली. एकही विकली नाही, कारण ती तिची नव्हती.

“माझीच आहेत,” मी इंगवल्यांना म्हणाले. “कुठे सही करू?”

संस्थेतून सहा पांढरी पिलं मी माझ्या सहीने मागवली. केळुसकरांचा फोन आला. परवानगीशिवाय संस्थेची जनावरं नेली, आता निलंबनाचा आदेश काढावा लागेल, असं ते दुःखाने म्हणाले. काढा म्हटलं. एकवीस दिवस मला तशीही रजा हवी होती.

मग मी कुंपणाच्या आत राहिले. पत्र्याखाली खाट, शेजारी पेटी, भोवती अकरा काळ्या बाया आणि सहा पांढरी, भेदरलेली पिलं. पहिले दोन दिवस वास सहन होईना. तिसऱ्या दिवशी तो माझ्या लहानपणाचा वास आहे हे आठवलं आणि मग तो येईनासा झाला. वस्तीवरच्या बायका कुंपणाशी येऊन बसायच्या. डाक्तरीणबाई डुकरात लोळतेय याची त्यांना भारी मजा वाटे, आणि मी हसण्यावारी नेलं की आणखीनच. भामा यायची आणि लांब बसायची.

नवव्या दिवशी दुपारी एक धाकटी डुकरीण व्याली, पहिलं वेत, नऊ पिलं. थोरली मावशी आदल्याच दिवशी व्याली होती. आई कुंपणाबाहेरून हुकूम सोडत होती: आधी मावशीकडं लाव, उजव्या सडाला, आता काढ, आता आईकडं. मी मुकाट्याने ऐकत होते. पण काम आटपून मी प्रत्येक पिलाचं रक्त घेतलं, मावशीच्या चिकाचा नमुना घेतला, आणि दोन्ही सोलापूरच्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवून दिले. पाच दिवसांनी उत्तर आलं. नऊच्या नऊ पिलांच्या रक्तात मावशीच्या पेशी जिवंत होत्या, आणि डुकरतापाचा विषाणू दाखवल्यावर जाग्या होत होत्या. पुस्तकाप्रमाणे हे होऊ शकत नव्हतं. मी तो अहवाल भामाच्या समोर वाचून दाखवला. माझी चूक होती, असं मी वस्तीसमोर मोठ्याने म्हणाले. तुमची रीत बरोबर होती आणि मी ती मोडायला लावली. भामा उठून निघून गेली.

सतराव्या दिवशी एका पांढऱ्या पिलाने खाणं सोडलं.

ते कोपऱ्यात पोट आवळून उभं होतं, कान पडलेले. मी थर्मामीटर लावला. ताप असेल तर विषाणू माझ्याच डुकरिणींतून आला, म्हणजे केळुसकर बरोबर, पेटी बरोबर, आणि अकराही चुन्यात. पारा नेहमीच्या जागीच होता. तासाने पुन्हा लावला, पुन्हा तिथेच. तरी ते खाईना. मी इंगवल्यांना कळवलं, कारण लपवायचं नाही हे ठरलेलं होतं. ते आले, त्यांनी तपासलं, चेहरा पाडून उभे राहिले. जेसीबीला फोन करू का, हे त्यांनी विचारलं नाही, पण फोन हातात होता.

तेव्हा आईने खाकरून सांगितलं, की पांढरं पिल्लू अशक्त दिसत होतं म्हणून तिने कुंपणातून त्याला वाटीभर आंबील पाजली. जरा आंबट होती. वाटी नव्हे, तपेलं.

मला हसावं की तिला बोलावं हे कळेना. मी भांडले. इतक्या दिवसांची मेहनत एका तपेल्यासाठी घालवत होतीस, असं ओरडले. आई म्हणाली, “लेकरू उपाशी बघवत न्हाई, मग ते कुणाचं का असंना.” संध्याकाळपर्यंत पिलाचं पोट साफ झालं आणि ते दोराला लोंबकळायला लागलं.

एकविसाव्या दिवशी साऱ्या वस्तीसमोर इंगवल्यांनी दुसरा, कोरा दोर सहा पांढऱ्या पिलांपुढे टांगला. सहाही जणं त्यावर तुटून पडली. पेटीने लाळ पिळली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब चार मिनिटं. दिवा हिरवा लागला. रक्तही साफ आलं, मगजही. अकरा डुकरिणींच्या पेटीवरचा दिवा मात्र लालच होता, आणि इंगवल्यांनी त्याच्यावर आपली टोपी अडकवून ठेवली.

जेसीबी परत गेला. केळुसकरांचा फोन आला. निलंबनाचा विषय मागे पडला होता, आवाजात उत्साह होता. या वाणाला संस्थेच्या नावाने क्रमांक देऊ, जनुक शोधू, असं ते म्हणाले. मी सांगितलं की हा वाण नव्हे, ही रीत आहे. मावशीपासून तोडलेलं हेच डुक्कर तुमच्या चौकटीत तापाने मरेल. शोधनिबंधावर पहिलं नाव गोजराबाईंचं असेल, म्हणजे माझ्या आईचं. आणि माझा सहा वर्षांपूर्वीचा कागद चूक होता, त्याने माझ्या वस्तीची डुकरं मेली, हे त्यात पहिल्या परिच्छेदात असेल. ते म्हणाले, याने संस्थेची नाचक्की होईल. म्हटलं, होऊ द्या.

मी कुंपणाबाहेर आले तेव्हा भामा समोर होती. तिने अकरांतलंच एक, दोन काप दिलेल्या कानाचं आठ महिन्यांचं मादी पिल्लू दोरीने धरलं होतं. मला वाटलं, तिला ते हवंय. मी म्हणाले, घेऊन जा, ही तुझीच समज.

“मला दुसरी दे,” भामा म्हणाली. “ही तुझी हाय. तुझी आये म्हणती, ह्या वक्ताला तरी नेतीस का बघ.”

आई लांब पत्र्याखाली पाठ करून उभी होती.

मी दोरी हातात घेतली.

संस्थेच्या फाटकावर रखवालदाराने गाडी अडवली. मागे डुकरीण बघून तो गोंधळला. जनावर आत घ्यायचं तर वहीत नोंद हवी, पण हे कोणत्या प्रयोगाचं, कोणत्या फार्मवरून, काय लिहू मॅडम, असं विचारू लागला. वर खिडकीत केळुसकर उभे होते. मी त्याच्या हातातून पेन घेतलं. प्राण्याचं नाव: पाठराखीण. मालक: शेवंता. येण्याचं कारण: सासरी आली. शेवटचा रकाना परत पाठवण्याच्या तारखेचा होता. गाभण डुकरीण हलवू नये, हा नियम त्याच फाटकावर माझ्याच सहीने लावलेला होता. मी लिहिलं: पहिल्या बाळंतपणाला, माहेरी. मग सही केली आणि त्याला फाटक उघडायला सांगितलं.